हप्ता त्याचा, किराणा तिचा, मग घर कुणाचं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, हातात ५२ हजार येतात. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर, हातात ३४ हजार. छत्रपती संभाजीनगरात सातारा परिसरात ४२ लाखांचा तयार फ्लॅट ठरलाय. कर्ज ३० लाख. बाकीच्या पैशांत ताईंचे वडील ४ लाख देतायत आणि ताई स्वतःचे ३ लाखांचे दागिने मोडतायत. सासरे गावाकडची जमीन विकून ६ लाख देणार, नवऱ्याची शिल्लक २ लाख. नवरा म्हणतो, सगळं निम्मं-निम्मं करू. मोठी बहीण म्हणते, एकटीच्या नावावर घे, स्टँपचा एक टक्का वाचतो. न्यायाचं काय, असं ताई विचारतात.

ताई, मी चोवीस वर्षं खरेदीखतं लिहिते आणि दिवाणी कोर्टात वाटपाचे दावेही चालवते. म्हणजे घर जुळवताना मी असते आणि मोडतानाही असते. म्हणून उत्तर जरा लांबेल.

काही वर्षांपूर्वी जालन्याकडच्या एक नर्सबाई आल्या होत्या. बसायच्या आधीच त्यांनी कॅरीबॅग टेबलावर उलटी केली. दूधवाल्याची कार्डं, किराण्याच्या लाल वह्या, पोरांच्या फीच्या पावत्या, असा बारा वर्षांचा ढीग. नवऱ्याच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता जायचा आणि बाईंच्या पगारावर घर चालायचं. दोघांनी मिळूनच तसं ठरवलेलं, कुणी कुणाला फसवलं नव्हतं. फ्लॅट दोघांच्या नावावर, पण खरेदीखतात कुणाचा किती हिस्सा ते लिहिलेलं नाही. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा नवऱ्यानं बँकेचा खातेउतारा पुढं केला. एकूण एक हप्ता त्याच्या खात्यातून गेलेला. उताऱ्यात खोटं एक अक्षर नव्हतं. आणि बाईंकडं काय, तर दुधाची कार्डं. एका कार्डाच्या मागं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं, ‘हप्ता यांनी, दूध-किराणा-फी मी’. पुरावा म्हणून त्याची किंमत फारशी नव्हती, पण ते वाचून नवरा गप्प झाला आणि तडजोडीला बसला. तरी बाईंच्या हातात निम्म्याहून कमीच आलं.

आपल्या कायद्यात लग्न झालं म्हणून मालमत्ता आपोआप दोघांची होत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, तिथं ती सोय आहे, महाराष्ट्रात नाही. इथं मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ४५ लागतं. दोघांनी आपापले पैसे घालून घर घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर ज्यानं जितके घातले तितका त्याचा हिस्सा. कुणी किती घातले ते दाखवताच आलं नाही, तर दोघांचं सारखं धरायचं. म्हणजे कागद गप्प असला की पावत्या बोलतात. आणि पावत्या नेहमी हप्ता भरणाऱ्याच्या बाजूनं बोलतात, चूल पेटती ठेवणाऱ्याच्या बाजूनं नाही.

म्हणून मी प्रत्येक जोडप्याला तीन हिशेब वेगळे करायला लावते: मालकी किती टक्के, हप्त्यात कोण किती, आणि घरखर्च कोण कसा उचलणार. निम्मं-निम्मं म्हणणारे तिन्हींची एकच पुरचुंडी बांधतात, मग पुढं ती सुटता सुटत नाही.

तुमचेच आकडे घेऊ. ४२ लाखांवर स्थानिक अधिभार धरून ६ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे २ लाख ५२ हजार, वर नोंदणी फी ३० हजार. स्टँप-नोंदणीसाठी बँक कर्ज देत नाही, ते पदरचेच. फ्लॅटचे १२ लाख आणि हे सगळं मिळून रोख लागणार १५ लाखांच्या आसपास. त्यात तुमच्या बाजूचे ७, यजमानांच्या बाजूचे ८.

आता हप्ता. ३० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर महिना साधारण २६ हजार. निम्मा-निम्मा केला तर दोघांना १३-१३ हजार. ऐकायला सरळ. पण तुमच्या पगाराचा तो चौथा हिस्सा आणि तुमच्या यजमानांच्या पगाराचे ३८ टक्के. १३ गेल्यावर त्यांच्या हातात २१ हजार राहतात, त्यातच गाडीचं पेट्रोल, गावाकडं आईच्या औषधाला पाठवायचे, सगळं. निम्म्याची मागणी त्यांनीच केलीय, बहुतेक मानापोटी. पण त्यात पहिले तेच घुसमटणार आहेत. पगाराच्या प्रमाणात, म्हणजे ६०-४० केलं, तर तुमच्याकडून १५,६०० आणि त्यांच्याकडून १०,४०० जातील. दोघांच्याही पगाराचे तीसेक टक्के. ओझं सारखं.

मग मालकी. रोखीतले ७ आणि कर्जातले ६० टक्के म्हणजे १८, असे तुमचे २५. त्यांचे ८ आणि १२, असे २०. पंचेचाळिसातले पंचवीस म्हणजे ५५ टक्क्यांच्या वर थोडंसं. ५५-४५ लिहा.

इथं हुशार माणूस विचारतो, व्याजाचं काय? २० वर्षांत ३० लाखांचे ६२ लाखांवर भरायचे, मग मुद्दलच का मोजायचं? व्याजासकट मोजलं तर तुमचा हिस्सा ५७ वर जातो, एवढाच फरक. मी मुद्दलच मोजते. व्याज म्हणजे बँकेच्या पैशाचं भाडं, ते राहण्याचा खर्च समजावा. तेवढ्या दोन टक्क्यांसाठी घरात कॅल्क्युलेटर काढू नका.

आणि तुम्हाला निम्मंच लिहायचं असेल, तर खुशाल लिहा. तेही न्याय्य असू शकतं. यजमान पहिल्या पाळीहून येऊन पोराला क्लासला नेतात, स्वयंपाकघरात हात लावतात, सासूबाईंचं दुखणंखुपणं बघतात, हे सगळं कुठल्याच उताऱ्यात येत नाही. फक्त पाच टक्के आपण समजून-उमजून सोडतोय, हे माहीत असताना लिहा. दस्तात वाक्य एवढंच लागतं: ‘लिहून घेणार क्रमांक १ यांचा ५५ टक्के व लिहून घेणार क्रमांक २ यांचा ४५ टक्के अविभक्त हिस्सा राहील.’ एक ओळ. दस्त लिहिणारे ती टाकत नाहीत, कारण कुणी मागत नाही.

आता वडीलधाऱ्यांच्या पैशाकडं येते. आपल्याकडं खरी भांडणं इथंच होतात.

सासरे विकणार ती जमीन वडिलोपार्जित आहे की त्यांनी स्वतः घेतलेली? सातबारा एकट्या सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून जमीन त्यांची एकट्याची ठरत नाही. जुना फेरफार काढून बघा, नाव खरेदीनं लागलंय की वारसानं. वडिलोपार्जित असेल तर तुमच्या दिराचा त्यात जन्मानं हक्क आहे आणि नणंदेचाही. २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना मुलाइतकाच हक्क दिला, आणि त्या वेळी वडील हयात असोत-नसोत तो हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये पक्कं केलं. एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतलेल्या घरावर कुटुंबातला दुसरा माणूस दावा लावू शकतो. गावात राहून त्याच रानात राबलेला धाकटा भाऊ दहा वर्षांनी म्हणतो, माझ्या जमिनीवर यांनी शहरात फ्लॅट बांधला. कायदा बाजूला ठेवला तरी त्याचं म्हणणं चुकीचं असतं का?

तेव्हा जमिनीच्या खरेदीखतावर दीर आणि नणंद दोघांच्या संमतीच्या सह्या घ्या. आणि घरात एक कागद करा की हे ६ लाख थोरल्याला मिळाले, पुढच्या वाटणीत त्याच्या हिश्शातून वजा धरायचे. नणंदेकडून साडीचोळीवर हक्कसोड लिहून घ्यायची आपल्याकडची रीत मला पटत नाही. तुम्ही स्वतः कुणाची तरी लेक आहात, माहेरी तुमच्याकडूनही तोच कागद मागितला जाईल तेव्हा कसं वाटेल ते बघा.

तुमच्या वडिलांचे ४ लाख. हे मुलीला बक्षीस, जावयाला बक्षीस, की हातउसने? तिन्ही गोष्टींचे परिणाम वेगळे. त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात, आणि तिथून बिल्डरकडं, असा प्रवास होऊ द्या. सोबत त्यांच्या सहीचं साधं पत्र असू द्या की ही रक्कम मी माझ्या मुलीला बक्षीस दिली, परत घ्यायची नाही. वडिलांकडून मुलीला मिळालेल्या बक्षिसावर आयकर नाही. रोख मात्र नको. लग्नात आहेराच्या पाकिटासारखं जावयाच्या खिशात गेलेलं पुन्हा कुणाला मोजता येत नाही. आणि ताई, स्पष्टच विचारते, हे पैसे सासरकडून मागितले गेलेत का? तसं असेल तर तो हुंडा झाला. १९६१ चा कायदा घेणाऱ्याला, देणाऱ्याला आणि मागणाऱ्यालाही धरतो, आणि असा पैसा ज्या बाईच्या लग्नासाठी दिला तिचाच राहतो.

दागिन्यांचं असं की ते तुमचं स्त्रीधन. मोडताना सोनाराची पावती स्वतःच्या नावावर घ्या, त्यावर वजन लिहून घ्या, पैसे चेकनं किंवा खात्यात घ्या. हिश्शात मोजताना मोडल्या दिवसाचे रुपयेच मोजायचे, हे माझं मत. पुढं सोनं दुप्पट झालं म्हणून तोळ्यांचा हिशेब काढत बसलात तर तिकडं सासरे जमिनीचा आजचा भाव काढतील. मराठवाड्यात जमीन विकून पस्तावलेला माणूस शोधावा लागत नाही.

बहिणीचा सल्ला. एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, खरं. तुमचे ४२ हजार वाचतील. पण दस्तात एक जरी पुरुष खरेदीदार असला तरी ती मिळत नाही. मग नवरा कागदावर कुठं राहतो? कर्जाला बँक दोघांचा पगार धरणार, त्यामुळं सहकर्जदार म्हणून त्याची सही घेणार. म्हणजे कर्जात नाव आहे, घरात नाही. तुम्ही हप्ता चुकवलात तर बँक त्याच्याकडून सगळं वसूल करू शकते, चाळीस टक्के नव्हे, सगळंच. दोघांनी मिळून घेतलेल्या कर्जात बँक तुमचं ६०-४० ओळखत नाही. अशी सही बायकोकडून घेतलेली मी शेकडो वेळा पाहिली आणि प्रत्येक वेळी तिला थांबवलंय. नवऱ्यालाही थांबवलंच पाहिजे. ८ लाख त्याच्या बाजूचे आणि वर दहा हजारांचा हप्ता, हे सगळं ४२ हजारांसाठी कागदाबाहेर ठेवणं मला न्याय वाटत नाही.

आयकराचं ओझं तर डोक्यावरून उतरवाच. तुमचा सीए सांगेल की दोघं मालक आणि दोघं कर्जदार असाल तर व्याजावर प्रत्येकी २ लाखांपर्यंत वजावट मिळते. मिळते, पण जुन्या कर-पद्धतीत. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही, आणि तिथं १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. तुमचं वर्षाचं सव्वासहा लाख, त्यांचं चार लाख. नसलेला कर वाचवायला हिस्से इकडं-तिकडं करू नका.

व्यवहारात हे चालवायचं कसं? दोघांचं एक संयुक्त खातं काढा, फक्त घरासाठी. तुमचा पगार कधी पाच तारखेला, कधी पंधराला, कंपनीचा सातला. पगार झाला की तुमचे आणि त्यांचे ठरलेले पैसे त्या खात्यात जातील अशी कायमची सूचना बँकेला द्या. हप्ता तिथूनच कटू द्या. पगार लांबतात हे गृहीत धरून दोन हप्त्यांची रक्कम त्यात आधीच पडून असू द्या. सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी आणि उन्हाळ्यातला टँकरचा वेगळा हिशेबही त्याच खात्यातून. टँकरला हसू नका, त्या भागात मे महिन्यात तो लहान हप्त्याएवढा होतो. वीस वर्षांनी तुमच्याकडं एकच उतारा असेल आणि त्यात दोघांची नावं असतील. त्या नर्सबाईंकडं एवढंच नव्हतं.

त्याशिवाय ५०० च्या स्टँप पेपरवर (१०० चा आता चालत नाही) आपसातला करारनामा करून नोटरी करा. दीड पानात होतो. कुणी काय आणलं ते आकडे घाला. एकाची नोकरी गेली तर सहा महिने दुसरा हप्ता ओढेल आणि तेवढ्यानं हिस्से बदलणार नाहीत, हे घाला. बाळंतपण, बिनपगारी रजा, पोराच्या आजारपणातली रजा यांनी बाईचा हिस्सा कमी होणार नाही, हे स्पष्ट शब्दांत घाला. ते मूल दोघांचं असतं आणि रजा एकटीची कापली जाते. कुणी बोनस किंवा फंडातून एकरकमी मोठी रक्कम भरली तर ती वेगळी लिहायची. विकायची वेळ आली तर आधी एकमेकांना विचारायचं, किंमत दोन दलालांकडून काढायची, कर्ज फेडून उरेल ते टक्क्यांनी. तुमची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली आणि तिथं खोली घ्यावी लागली तर त्या भाड्याचं काय, हेही आत्ताच बोलून घ्या. शिक्षकांच्या घरात हा प्रश्न येतोच येतो.

मरणाचं बोलायला आपल्याकडं जीभ रेटत नाही, पण दोन ओळी. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याचा हिस्सा बायको, मुलं आणि आई यांच्यात सारखा जातो. आई विसरू नका, बायकोइतकाच तिचा वाटा. बाई गेली तर नवरा आणि मुलं. पण दोन्ही नसतील तर तिनं स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांकडं जातं, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. तुमच्या वडिलांचे ४ लाख आणि तुमची वीस वर्षांची कमाई दिराकडं गेली, असंही होऊ शकतं. सोसायटीत नॉमिनी लावलं म्हणजे झालं, हा गैरसमज आहे. नॉमिनी मालक होत नाही. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. दोघांनी एकाच दिवशी करा. आणि कर्जाचा विमा दोघांच्या नावानं, आपापल्या हप्त्याच्या प्रमाणात घ्या. बँकेत बऱ्याचदा फक्त नवऱ्याचा काढून मोकळे होतात. इथं मोठा हप्ता तुमचा आहे.

लग्न न करता एकत्र राहणारी जोडपीही आता हाच प्रश्न घेऊन येतात. त्यांच्यासाठी कागद आणखी कडक हवा. जोडीदाराला दिलेली रक्कम वर्षात ५० हजारांवर गेली तर ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते, कारण तो कायद्यानं नातेवाईक नाही. पैसे एकाचे आणि दस्त दुसऱ्याच्या नावावर असेल तर बेनामी कायद्यात नवरा-बायकोला असलेली सूट त्यांना नाही. आणि मृत्युपत्राशिवाय वारसा शून्य. दोन्ही नावं, टक्के, आणि आपापल्या खात्यातून पैसे, याला पर्याय नाही.

तुम्ही जाता जाता विचारलंय की दस्तात पहिलं नाव कुणाचं. मालकीला काही फरक पडत नाही, टक्के लिहिले की झालं. गृहनिर्माण सोसायटीत मात्र भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) ज्याचं नाव पहिलं, सभेत मत त्याचं. तुमच्या दोघांत रविवारी सकाळी टँकरच्या बिलावरून तास-दीड तास भांडायची ताकद ज्याच्यात आहे, त्याचं नाव वर घाला.